साताऱ्यात रविवारी अकरा वाजता

साताऱ्यात रविवारी सकाळी मुलीनं कुठं जाऊन खावं, या प्रश्नाला १९८० च्या दशकाच्या अखेरीस फार थोडी उत्तरं होती. मुलांना हा प्रश्नच पडत नसे. पोवई नाका, एसटी स्टँडच्या बाहेरची बाजू, राजवाड्यासमोरचं मैदान, जिथं गाडा उभा तिथं ते उभे राहायचे, खायचे आणि शर्टाच्या बाहीला तोंड पुसून पुढं जायचे. आम्हाला वेळ मोजून मिळायचा आणि जागा मिळायचीच नाही.

आमच्या होस्टेलची मेस रविवारी सकाळी बंद. स्वयंपाकाच्या बाई शनिवारी रात्री गावी जायच्या त्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परतायच्या, आणि आल्या की एक पातेलंभर खिचडी. या सुट्टीचा खाडा बिलातून वजा होत नसे. का नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बाहेर जायची मुभा साडेदहा ते एक. रजिस्टरात नाव, कुठं चाललीस, कशाला, सोबत कोण, आणि सही. म्हणजे न्याहारी आणि जेवण मिळून जे काही पोटात घालायचं ते त्या अडीच तासांत एकदाच, आणि असं की खिचडीपर्यंत दम निघावा. पुढं पुण्या-मुंबईतली माणसं हेच हौसेनं करायला लागली, त्याला ब्रंच म्हणायला लागली आणि त्याचे भलेमोठे पैसे मोजायला लागली, तेव्हा मला भारी गंमत वाटायची.

सातारा पेन्शनरांचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण ते तितकंच पोरापोरींचंही आहे. माण, खटाव, कोरेगाव, जावळी, पाटण, सगळ्या तालुक्यांतून पत्र्याच्या ट्रंका इथं येऊन उतरतात. मी माणची, दहिवडीच्या पलीकडची. आमच्याकडं पावसाचं काही खरं नसतं, त्यामुळं घरून येणाऱ्या पैशांचंही नसायचं. यायचे तेव्हा यायचे.

पण डबा यायचा. म्हणून माझ्या यादीत पहिला मान एसटी स्टँडचा. आई पहाटे उठून भाकऱ्या थापायची, अॅल्युमिनियमचा डबा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची आणि गाठीत चिठ्ठी खोचायची. फाट्यावर गाडी थांबली की डबा ड्रायव्हरमामांच्या हातात. तेव्हाच्या लाल गाड्यांत इंजिन आतच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असायचं आणि त्यावर पत्र्याचं बॉनेट. मामा त्या बॉनेटवर गावोगावचे डबे ओळीनं मांडायचे. पुसेगाव, कोरेगाव करत गाडी साताऱ्याला लागेपर्यंत डबा इंजिनाच्या धगीनं कोमट झालेला असायचा आणि फडक्याला डिझेलचा किंचित वास लागलेला असायचा. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी मटकीची सुकी उसळ. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसून आम्ही ते खायचो. स्टँडवर बसून खाणाऱ्या मुलीकडं कुणी वळून बघत नाही, कारण स्टँडवर सगळेच कुठंतरी निघालेले असतात.

त्या डब्याचं तिकीट कुणी कधी फाडलं नाही. वाटेत गाडी बंद पडली तर मामा आधी डबे मागून येणाऱ्या गाडीत चढवायचे, मग प्रवाशांचं बघायचे. निरोपही तेच सांगायचे. "आई म्हनली, डोक्याला तेल लाव. आन् परीक्षा कधी हाय ते चिठ्ठीत लिहून दे." रिकाम्या डब्यात मी चिठ्ठी घालून द्यायची. ड्युटी बदलली की मामा बदलायचे, डब्याची वाट तीच राहायची. खाकी कपड्यांतल्या त्या माणसांपैकी एकाचंही नाव मी विचारलं नाही, आणि त्यांनाही कधी सांगावंसं वाटलं नाही.

मात्र डबा दर रविवारी येईल असं नव्हतं. दुष्काळ पडला की आई रोजगार हमीच्या कामावर जायची, खडी फोडायला. त्या आठवड्यांत गाडी यायची, बॉनेटवर डबे असायचे, त्यात आपलं फडकं नसायचं. मग बाकी गावाचा विचार करावा लागे.

हॉटेलं होती की. प्रत्येक हॉटेलात 'फॅमिली रूम' अशी पाटीही होती. फॅमिली रूम म्हणजे फळ्यांचा आडोसा, एक मळकट पडदा, पलीकडं बेसिन आणि अलीकडं दोन टेबलं. पडद्याची कड किती तेलकट आहे यावरून हॉटेल किती जुनं ते कळायचं. चार मुली गड्याशिवाय आत शिरल्या की गल्ल्यावरच्या मालकाला आम्हाला फॅमिलीत बसवावं की बाहेर, हेच उमगत नसे. पोऱ्या पाणी आणून आदळायचा आणि लगेच "काय देऊ?" म्हणून उभाच राहायचा. अशा ठिकाणी घास गिळता येतो, खाता येत नाही.

राजवाड्याच्या मागच्या अंगाला एका बोळात मिसळीचं एक दुकान होतं. नाव सांगत नाही, कारण त्या घरातल्या कुणालाच ते आवडणार नाही. दुकान अण्णांचं आणि मिसळ मावशींची. पुढं चार बाकडी, गल्ला आणि अण्णा. मागं भिंतीआड चूल, पातेली आणि मावशी. पुढच्या बाकड्यांवर 'ऐक्य' वाचत बसलेले गडी. मिसळ संपली तरी पेपर संपायचा नाही आणि पेपर संपल्याशिवाय बाकडं सुटायचं नाही.

आमच्यातल्या एकीनं बाहेरूनच पार्सल मागितलं. मावशींनी आतून विचारलं, "पार्सल कुठं बसून खानार?" आम्ही गप्प. खरंच ठरलेलं नव्हतं. "ह्या बाजूनं या," म्हणाल्या. बाजूच्या बोळकांडीतून आत गेलो तर थेट त्यांच्या चुलीपुढंच. त्यांनी पोती सारून जागा केली आणि चार पाट टाकले.

तिथं बसून मी मिसळ कशी वाढली जाते ते पाहिलं. आधी डिशमध्ये मटकीची उसळ, हळद-मोहरीपुरती, जवळजवळ फिकी. वर मूठभर फरसाण, त्यातलं निम्मं हातानं चुरलेलं. कांदा, कोथिंबीर. मग कट. कटाच्या पातेल्यात त्या डाव कधी बुडवायच्या नाहीत. डाव आडवा धरून वरचा तवंग हलकेच अलीकडं ओढून घ्यायच्या आणि तो डिशच्या कडेनं सोडायच्या, म्हणजे मधलं फरसाण तेवढं कोरडं राहायचं. उन्हाळ्यात केलेला कांदा-लसूण मसाला, भाजलेलं खोबरं, आणि नाकातून पाणी काढणारा रंग. बोलणं चालूच असायचं, पण डाव हातात असला की त्या चुलीकडंच बघून बोलायच्या.

मला पाव आवडत नसे. कटात भिजला की त्याचा लगदा होतो आणि पोटाला आधारही राहत नाही. मी तो कुरतडत बसले होते. मावशींनी एकदा पाहिलं. "मानदेशी हायस न्हवं?" आणि स्वतःच्या घरच्या दुरडीतली भाकरी काढून माझ्या डिशवर ठेवली. बाजरीची, सकाळची, कड थोडी करपलेली. कटात बाजरीची भाकरी कुस्करून खाणं हे मिसळवाल्यांच्या शास्त्रात बसत नाही. न बसो. त्या दिवशी संध्याकाळी खिचडीची घंटा झाली तरी मला भूक नव्हती.

पुढच्या रविवारपासून दुरडीत आमच्यासाठी जादा भाकऱ्या असायच्या. त्याचे पैसे किती, असं मी विचारलं. मावशींनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण ऐकलं नाही.

काही महिने आम्ही तसेच मागच्या दारानं जात राहिलो. मग एका रविवारी आम्ही सहा-सातजणी झालो आणि चुलीपुढं मावेना. मावशी पदर खोचून पुढच्या खोलीत गेल्या. पहिल्या बाकड्यावर तिघं पेपरमध्ये डोकं घालून बसले होते. "उठा हो. तुमचं खाऊन झालंय. पोरींना बसू द्या." अण्णांनी गल्ल्याचा खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. तिघं उठले. एकानं जाताना काहीतरी पुटपुटलं. ते बाकडं त्या दिवसापासून आमचं झालं. पुढं इतर होस्टेलांच्या मुलीही यायला लागल्या, कुणी न सांगता त्याच बाकड्याकडं जायच्या. जुनी काही गिऱ्हाइकं तुटली. अण्णा कुरकुरले तेव्हा मावशी म्हणाल्या, "जाऊ द्यात की. त्यांची मिसळ ह्या पोरी खातील." आणि आम्ही ती इमानेइतबारे खाल्ली.

फॅमिली रूमच्या पडद्यापेक्षा उघडं बाकडं बरं, हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. चारचौघांत, रस्त्याकडं तोंड करून, घाई न करता खाणं आणि खाऊन झाल्यावरही थोडं बसून राहणं, ही चैन मला पहिल्यांदा तिथं मिळाली. कॉलेजनं मला बरंच दिलं, पण हे कॉलेजात नव्हतं.

आता उधारीचं. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि अण्णांचं अक्षर अण्णांनाही लागत नसे. लांबट लाल कापडी बांधणीची एक वही होती आणि ती गिऱ्हाइकाच्याच हातात दिली जायची. "लिही तुझं तूच." मी लिहायची: तारीख, मि. १, चहा १. भाकरीसाठी खूणच नव्हती. मी कॉमर्सला आहे हे कळल्यावर महिनाअखेरची बेरीजही माझ्याकडं आली. त्यामुळं साताऱ्यातल्या भल्याभल्यांची मिसळीची थकबाकी मला तोंडपाठ होती. त्यातले दोघे-तिघे पुढं सभा-समारंभांत हार घालून घेताना दिसले तेव्हा मला त्यांचा आकडा आठवायचा. माझी स्वतःची बाकी एका उन्हाळ्यात इतकी तुंबली की मी रविवारी जायचंच बंद केलं. तिसऱ्या रविवारी अण्णा होस्टेलच्या फाटकाशी येऊन उभे. रेक्टर बाईंना म्हणाले, "हिशेबाच्या पोरीला पाठवा, वही अडलीय." वही काही अडली नव्हती. मावशींनी ताट वाढून ठेवलं होतं.

मला वाटतं, सातारा हे पोरांना जेवू घालण्यात मुरलेलं गाव आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला, हे त्या काळात. १९२७ मध्ये गांधीजी येऊन पाहून गेले. घरोघर मूठमूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते बोर्डिंगला द्यायचं, असा मुष्टिफंड चालायचा. तेही पुरेना तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. हे आम्ही शाळेपासून ऐकलेलं. एकदा कॉलेजच्या भाषणासाठी मी तो मजकूर लिहिला होता आणि बेरजा झाल्यावर मावशींना वाचून दाखवला. मंगळसूत्रापाशी त्यांचे डोळे भरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "आन् सैपाक कोन करायचं?"

अडल्या वेळी लक्ष्मीबाईच चुलीपुढं बसत, असं मी सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मग ते आधी लिही. मंगळसूत्र एकदा द्यायचं आसतं." मी भाषणातला क्रम बदलला. बक्षीस मिळालं नाही, पण अजूनही मला तोच क्रम बरोबर वाटतो.

सज्जनगडाचाही उल्लेख करायला हवा. नाही तर माझ्यावर राग धरतील अशा दोन मैत्रिणी आहेत. गडावर दुपारी महाप्रसाद असतो. आमटी-भात आणि गव्हाची खीर. पंगतीत बसायचं, कोण कुठली असं कुणी विचारत नाही, पैसे घेत नाही. रजिस्टरात 'सज्जनगड' लिहिलं की रेक्टर बाई वेळेची अटसुद्धा सैल करायच्या. समर्थांच्या नावावर आम्ही खूप खीर खाल्ली आणि पायऱ्या चढून-उतरून जिरवली. आणि आमच्या मराठीच्या बाई, सदर बझारातल्या. त्यांच्याकडं रविवारी शिरा असायचा, पण त्याआधी निबंध दाखवावा लागे. निबंध जमला असेल तर शिऱ्यात बेदाणे जास्त, असा आमचा समज होता. तो खरा की खोटा, ते त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.

यंदा भाचीनं साताऱ्यातच प्रवेश घेतला आणि तोच जुना प्रश्न विचारला, "आत्या, रविवारी सकाळी कुठं जायचं गं?" फरक एवढाच, की तिच्या प्रश्नात अडचण नाही, निवड आहे. तिच्या होस्टेललाही नियम आहेत, पण ती मैत्रिणींबरोबर पाहिजे त्या कॅफेत बसते, फोन दाखवून पैसे देते, कोण बघतंय याची तिला फिकीर नाही. फार बरं वाटतं. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेल्यापासून त्या वाटेवर गाड्यांची रीघ असते आणि यवतेश्वरच्या घाटापासूनच 'चुलीवरची मिसळ', 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या सुरू होतात. त्या पाट्या बघितल्या की मी जरा चिडते. मावशींच्या घरी ज्या दिवशी गॅस आला त्या दिवशी त्यांनी बोळात पेढे वाटले होते, मोती चौकातून आणलेले कंदी पेढे. त्यांचे डोळे त्या धुरानं कायम लाल असायचे. चुलीच्या चवीचं कौतुक चूल न फुंकणाऱ्यानं करू नये.

बँकेतल्या पहिल्या पगारात मी मावशींना इरकल नेलं. त्यांनी ते मांडीवर घेऊन पोत बघितला, किंमत विचारली, महाग घेतलंस म्हणाल्या आणि नेसल्याही. मला वाटलं, चला, थोडंफार फिटलं. पण मावशींचं तसं नव्हतं. त्यांनी तेव्हापासून मला हक्कानं कामं सांगायला सुरुवात केली. नातीच्या शाळेचा दाखला, अण्णांचा मोतीबिंदू, भावकीतला सातबारा. बँकेतली बाई म्हणजे सरकारातलं सगळं हिला येतं, असं त्यांनी धरलं होतं. मला ते येत नव्हतं, पण शिकले.

मावशींच्या मुलानं दुकान नीट बांधायचं काढलं तेव्हा कर्जाचा विषय निघाला. माझ्या बँकेत नको, म्हटलं, दुसरीकडं करू, कागद मी करून देते. कागद म्हणजे काय, तर त्या वह्या. तीन वर्षांच्या वह्या पुढ्यात घेऊन मी आणि मुलगा बसलो, जमा एकीकडं, खर्च एकीकडं. मटकी, तेल, बेसन, पाव, कांदे, गॅस, सगळं जुळत आलं. एक रकाना मात्र काही केल्या बसेना. दर महिन्याला बाजरीची खरेदी होती, चांगली पोतं-अर्धं पोतं, आणि विक्रीत बाजरी कुठंच नाही. घरी खाऊन एवढी संपणं शक्य नव्हतं. मी होते तेव्हाच्या भाकऱ्या तेव्हाच संपल्या असं मी धरून चालले होते.

मुलगा म्हणाला, "मॅनेजर विचारणार, ही बाजरी गेली कुठं?"

मावशी आत लसूण सोलत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "लिही, पोरींनी खाल्ली."

तसं लिहिता येत नाही. मी ती सगळी घरखर्चात टाकली. कर्ज मंजूर झालं, दुकानाला फरशी बसली, बाकड्यांच्या जागी टेबलं आली. अण्णा आता नाहीत, गल्ल्यावर मुलगा असतो. भाचीला मी पत्ता दिलाय. अकराच्या आत जा, म्हटलं, नंतर कट संपतो. आणि भाकरी मागू नकोस, कुठली आहेस तेवढं सांग.